सभाधीटपणाचा इतिहास

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीची वही गेल्या वर्षी माझ्या हाती आली. नाटकाच्या प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांनी तालमीच्या दिवसांतले आपले अनुभव लिहावयाचे, अशी ती वही. मुलगी ऊसतोड मजुराची. तिच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तिने लिहिले होते की, पहिल्या तालमीला तिच्या घशातून आवाजच फुटला नाही. तालीम घेणाऱ्यांनी सांगितले, ‘आत्मविश्वास आण.’ तो कोठून आणायचा, हे मात्र कोणी सांगितले नाही. पुढे एका तालमीत ती वाक्य विसरली. समोरच्या मुलीने तिचे वाक्य आपल्या वाक्यात मिसळून प्रसंग पुढे नेला; पाहणाऱ्यांना काही कळलेही नाही. त्या दिवसापासून हिची भीती ओसरू लागली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने मला विचारले होते : ‘सर, आत्मविश्वास माझ्यात आला, की आमच्यात आला?’

वहीला गुण देणे सोपे होते. या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते. कारण तो प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या सांस्कृतिक चळवळीच्या इतिहासाचा आहे. त्या इतिहासाच्या आधाराने उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीत ‘सभाधीटपणा’ असा एक शब्द आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके आणि शिबिरे तो गुण व्यक्तीचा मानतात. श्वास खोल घ्या, समोर कोणी नाही असे समजा, आरशासमोर बोला, म्हणजे धीटपणा येईल, असे त्यांचे सांगणे असते. या सांगण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, सभा सर्वांसाठी खुली आहे आणि भीती तेवढी आपल्या मनात आहे. ज्यांच्या आजा-पणज्यांना सभेत जागाच नव्हती, त्यांच्या बाबतीत हे गृहीत टिकते काय?

गावगाड्यातील चावडी डोळ्यांसमोर आणा. महार चावडीवर येई, पण पायरीखाली उभा राही. ‘जोहार मायबाप’ म्हटल्याशिवाय त्याच्या बोलण्याला आरंभ नसे. गावात दवंडी तोच देई, कोणाच्या मरणाची खबर परगावी तोच नेई. मांगाच्या हलगीवाचून गावाची जत्रा पुरी होत नसे. म्हणजे गावाचा आवाज आपणच होतो. परंतु दवंडीतला हुकूम पाटलाचा असे, हलगीचा ताल गावाच्या देवासाठी असे. आवाज आमचा आणि शब्द दुसऱ्याचा, अशी ही वाटणी शतकानुशतके चालली. जो माणूस साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडू शकतो, तोच स्वतःविषयी एक वाक्य बोलताना थरथरतो. ही थरथर मनाची दुर्बलता कशी म्हणता येईल? व्यवस्थेने ती अंगात मुरविलेली आहे. म्हणून ती घालविण्याचा उपायही एकट्याच्या मनात सापडणार नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास सामान्यतः १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून सुरू केला जातो. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यात देवदेवता नाहीत. एक गरोदर कुणबीण, तिचा नवरा, भविष्य सांगून त्यांना नाडणारा जोशी, एक पाद्री आणि मध्ये मध्ये बोलून फसवणुकीचे मर्म उघड करणारा विदूषक, अशी त्यातील माणसे. अखेरीस नवराबायको शिकावयाचे ठरवितात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीतील भटांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. नाटक मागे पडले, आणि ते छापले जाण्यास १९७९ साल उजाडावे लागले. एकशेचोवीस वर्षे!

‘तृतीय रत्ना’च्या उपेक्षेबद्दल आपण प्रस्थापितांना दोष देतो आणि तो रास्तच आहे. पण या घटनेतून आपल्यालाही एक धडा घ्यावयाचा आहे. संहिता कितीही धीट असली तरी तिला उभी करणारी मंडळी नसेल तर ती कागदावरच राहते. १८५५ साली जोतीरावांपाशी शब्द होता; तो शब्द चौघांच्या तोंडून वदवून घेणारा संच तेव्हा तयार झालेला नव्हता. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच्यातूनच असा संच निर्माण झाला. तोच सत्यशोधक जलसा होय.

जलसा आकाशातून पडला नाही. त्याचे अंग तमाशाचे होते. तमाशा हा महार, मांग, कोल्हाटी या जातींतील कलावंतांनी जिवंत ठेवलेला प्रकार. फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे, मुख्य गाणाऱ्यामागे सूर धरणारा सुरत्या, हजरजबाबी सोंगाड्या, नाचणारी बाई किंवा नाच्या पोऱ्या. गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग, असा त्याचा क्रम. यातला वग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या फडांत वगाची कथा आणि गाणी ठरलेली असत. संवाद मात्र बहुधा उभ्या उभ्या रचले जात. पुढचे वाक्य काय येणार हे समोरच्याला ठाऊक नसे. अशा ठिकाणी पाठांतर कामाला येत नाही. समोरच्याचे बोलणे कान देऊन ऐकावे लागते, त्याचा शब्द खाली पडण्यापूर्वी उचलावा लागतो. तो अडखळला तर सोंगाड्याने विनोद करावा, ढोलकीवाल्याने तोडा वाजवावा आणि त्याला श्वास घेण्यास उसंत द्यावी, ही फडाची रीत. आज नाट्यशाळांत ‘इम्प्रोव्हायझेशन’ या नावाने जे शिकवले जाते, ते निरक्षर म्हणून हिणवलेल्या या कलावंतांना रोजच्या पोटाचे साधन म्हणून येत होते.

सत्यशोधकांनी ही रचना उचलली आणि तिचा आशय पालटला. गणपतीच्या गणाऐवजी निर्मिकाचे स्तवन आले. वगाच्या जागी सावकार, कुलकर्णी आणि भटजी यांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची कहाणी आली. ओतूरचे भीमराव महामुनी यांच्यासारख्यांची नावे या जलशाच्या जडणघडणीशी निगडित आहेत. नांगर सोडून आलेला कुणबी रात्री कंदिलाच्या उजेडात उभा राहून धर्माच्या नावावर चाललेल्या लुबाडणुकीची चिकित्सा करू लागला. हे काम तो करू शकला, कारण जो साचा त्याने हाती घेतला होता तो त्याच्या ओळखीचा होता. अनोळखी विचार सांगताना ओळखीची चाल हा फार मोठा आधार असतो.

आंबेडकरी जलशाने या वारशाला पुढची दिशा दिली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे मिरवणुकीने गेली. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालला. या लढ्यांचा अर्थ खेड्यापाड्यांतील महारवाड्यांपर्यंत नेणार कोण? वर्तमानपत्र वाचू शकणारे थोडे. सभेला पोहोचू शकणारेही थोडेच. १९३० नंतरच्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचा जलसा हे काम करू लागला. मुंबई, नाशिक, नगर, खानदेश अशा ठिकठिकाणी जलसा मंडळ्या उभ्या राहिल्या. मेलेले ढोर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका, येसकरकीची भाकरी सोडा, पोरांना शाळेत घाला, हे या जलशांचे विषय. बाबासाहेबांनी आपल्या अनेक सभांइतके मोल एका जलशाला दिले होते, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. कर्डकांनी स्वतः या जलशांचा वृत्तांत पुढे पुस्तकरूपाने लिहिला आणि १९७८ साली तो प्रसिद्ध झाला. तो लिहिला गेला नसता तर आपल्या हाती फारच थोडे राहिले असते.

जलशात काम करणारे कोण होते? गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारे. कित्येकांना सहीसुद्धा जमत नसे. वामनदादा कर्डकांसारख्या महाकवीला तरुणपणी मुंबईत आल्यावर अक्षरओळख झाली. १९४४ च्या सुमारास अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे करणारे अण्णा भाऊ साठे यांचे शाळेशी नाते एक-दोन दिवसांपलीकडे नव्हते. लाल बावट्याचा विचार वेगळा होता आणि आंबेडकरी चळवळीशी त्याचे मतभेदही होते. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे समान दिसते. ज्यांना शाळेने बोलावयास शिकवले नाही, अशी माणसे हजारोंच्या पुढे न अडखळता उभी राहत होती. हा धीटपणा त्यांनी आणला कोठून?

येथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आजोबा तरुणपणी एका लहानशा जलसा पार्टीत झील धरीत असत. दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडावयाची आणि शनिवारी रात्री मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, गावोगाव जायचे. ते शाहीर नव्हते. पदे त्यांनी रचली नाहीत. शाहिराने ओळ टाकली की तिचे शेपूट पकडून वर न्यायचे, एवढेच त्यांचे काम. मी शाळेत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला भालदाराचे काम दिले होते, एकही वाक्य नसलेले. मी रडत घरी आलो. तेव्हा आजोबा म्हणाले, “अरे बाळा, शाहीर चुकला तर झील त्याला सावरती. झीलच चुकली तर समद्यांचंच हसू व्हतं. मागं उभा ऱ्हाणारा काय रिकामा नसतो.” त्या वयात मला ते समजुतीचे बोलणे वाटले. आज वाटते, त्यात जलशाचे सारे शास्त्र होते.

शाहीर एकटा गात नाही. त्याची ओळ संपताच चार आवाज ती उचलतात. त्या चार आवाजांत त्याला दम घेता येतो, पुढची ओळ आठवता येते, समोरच्या गर्दीचा रंग पाहता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण जे म्हणालो ते आणखी चौघांना मान्य आहे, याची ग्वाही प्रत्येक ओळीनंतर त्याला मिळते. गावात सवर्णांचा रोष असताना ‘येसकरकी सोडा’ असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. बहिष्कार, मार, पिकाची नासधूस यांची टांगती तलवार असे. एकाने ते वाक्य उच्चारले असते तर तो एकटा गुन्हेगार ठरला असता. तेच वाक्य झिलीत गेले की ते मंडळीचे होई; आणि प्रेक्षकांतील म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या बाया ते गुणगुणू लागल्या की ते साऱ्या वस्तीचे होई. धीटपणा असा आवाजामागून आवाज जोडत तयार झाला. जलसा हे चळवळीच्या प्रचाराचे साधन होते, हे आपण नेहमी म्हणतो. तो धीटपणाची शाळा होता, हे मात्र पुरेसे नोंदले गेलेले नाही.

जलशाचे गुणगान करताना त्यातील उणिवेकडे डोळेझाक करता येणार नाही. बहुतेक जलशांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. तमाशातील बाईकडे पाहण्याची गावाची नजर जलशाला नको होती आणि त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. आपल्या लेकीबाळींना नाचवून गावाने आपली करमणूक करावी, हे अपमानाचे जिणे चळवळीला संपवायचे होते. परंतु अपमान संपविताना त्या बाईचे रंगमंचावरील स्थानच काढून घेतले गेले, हेही खरे. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांचा गौरव करणारी पुस्तके आहेत. ज्या पवळाच्या आवाजाने आणि अदाकारीने त्या लावण्या महाराष्ट्रभर गेल्या, तिच्या वाट्याला त्यांत थोड्याच ओळी येतात. विठाबाई नारायणगावकरांनी राष्ट्रपतींचे पदक मिळविले. २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी पैसा नव्हता. सभाधीटपणाच म्हणाल तर तो या स्त्रियांइतका कोणापाशी होता? त्यांना साथ होती ती फडाची. समाजाची साथ त्यांना मिळाली नाही.

आणि सभेत तर आपल्या स्त्रिया केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. महाडच्या परिषदेला त्या होत्या, काळारामच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या महिला परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषविले आणि हजारो स्त्रिया तेथे जमल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात हे सारे स्त्रियांच्याच तोंडून नोंदवून ठेवले आहे. सभेत बोलणारी बाई चालते आणि जलशाच्या फळीवर मात्र तिच्या जागी लुगडे नेसलेला पुरुष, या विसंगतीचा जाब आपण स्वतःलाच विचारला पाहिजे. माझ्या विद्यार्थिनीच्या घशात अडकलेला आवाज हा या विसंगतीचाही वारसा आहे.

जलशाकडून नाटकाकडे येताना एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या युगानुयुगांच्या छळाचा तो आलेख होता. १९५५ साली महाविद्यालयात बाबासाहेबांच्या उपस्थितीत त्याचा प्रयोग झाला आणि १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी, तो लाखोंच्या समुदायापुढे पुन्हा सादर झाला. खेड्यातून वसतिगृहात आलेली, पुस्तकाला नुकतीच हात लावू लागलेली पोरे त्या जनसागरापुढे उभी राहिली. त्यांना अभिनयाचे शिक्षण कोणी दिले होते? त्यांच्या पाठीशी महाविद्यालय होते, चळवळ होती, आणि समोर बसलेला समुदाय परका नव्हता. प्रेक्षकच जेव्हा झील धरतो तेव्हा नटाचे पाय लटपटत नाहीत.

१९७० नंतरची दलित रंगभूमी या पायावर उभी राहिली. प्रेमानंद गज्वी यांच्या १९७७ च्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेत अवघे दोन नट अनेक भूमिका करतात. नेपथ्य नाही, वेशभूषेचा खर्च नाही. कोठेही करता येईल अशी रचना. त्यामुळे ती राज्याबाहेर, इतर भाषांतही गेली. दोनच नट असले म्हणजे एकाने दुसऱ्याला सोडून भागत नाही, ही तिची खरी कसोटी. १९७९ मध्ये पुण्यात ‘दलित रंगभूमी’ ही संस्था निघाली. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ने १९८० नंतरच्या दशकात तीन पिढ्यांचे मतभेद रंगमंचावर आणले. आपल्यातील वाद आपणच जाहीरपणे मांडावा, इतका विश्वास तोवर या रंगभूमीला आलेला होता. हे त्या नाटकाचे मोठेपण मला वाटते.

आज काय दिसते? गावोगावचे जलसे थांबले. त्यांची जागा काही प्रमाणात भीमगीतांच्या कार्यक्रमांनी घेतली. त्यांतून समर्थ गायिका पुढे आल्या, ही आनंदाची बाब आहे. परंतु फलकावर एकाचेच मोठे छायाचित्र असते आणि साथीदारांची नावे नसतात. एकांकिका स्पर्धांत वैयक्तिक अभिनयाची बक्षिसे मानाची ठरतात. तालमीला रोज येऊन दुसऱ्यांची वाक्ये वाचून दाखविणाऱ्या पोराची आठवण कोणी ठेवत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही शिक्षकच सांगतो, ‘तू एकटा चमक.’ जो समाज एकमेकांचा हात धरून चवदार तळ्यावर गेला, त्याच्या नातवंडांना आम्ही एकट्याने आरशासमोर उभे करतो. आणि आवाज फुटला नाही म्हणजे दोष त्यांच्या मनात शोधतो.

म्हणून माझ्यासारख्या अध्यापकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तालमीला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकेकट्याने उभे करू नये. आधी झील धरावयास लावावे. एकाने ओळ टाकावी, बाकीच्यांनी उचलावी. मग आळीपाळीने प्रत्येकाला ओळ टाकू द्यावी. मागे चार आवाज आहेत हे एकदा अंगाला कळले की मुकी पोरेही बोलू लागतात, हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे. दुसरे असे की, आपापल्या गावातील, वस्तीतील जलसा मंडळींची नावे विद्यार्थ्यांनी लिहून काढावीत. शाहिरांची तर लिहावीतच. ढोलकीवाल्याची, सुरत्याची, झीलकऱ्यांचीही लिहावीत. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. माझ्या आजोबांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. मी ते विचारून घेतले म्हणून मला त्यांच्या पार्टीतील पाच जणांची नावे ठाऊक आहेत. सहाव्याचे नाव त्यांच्याबरोबरच गेले.

त्या मुलीच्या वहीत तिच्या प्रश्नाखाली मी उत्तर लिहिले : ‘आधी तुमच्यात आला, म्हणून तुझ्यात आला. आता तो तुझ्याजवळ ठेवून घेऊ नकोस.’ वार्षिक प्रयोगाला तिचे आईवडील आले होते. कारखान्याचा हंगाम संपल्यामुळे त्यांना येता आले. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. प्रयोग संपल्यावर तिची आई तिच्याकडे आली आणि मग त्या दुसऱ्या मुलीकडे वळली, जिने तालमीत तिला सावरले होते. त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवून तिने बोटे मोडली. आमच्या परीक्षकांनी त्या दुसऱ्या मुलीला कोणतेही बक्षीस दिले नव्हते.